मारेगाव ते पुसद, एक अंगठा सांभाळत

मारेगावकडचं गाव

यवतमाळ जिल्ह्याच्या एका टोकाला आमचं गाव आणि दुसऱ्या टोकाला पुसद. सत्तरी उलटली तरी मी पुसद पाहिलं नव्हतं, पाहायची हौसही नव्हती. गेले ती अंगठ्यापायी. आल्यावर गावातल्या बायका एकेक करून विचारायला येऊ लागल्या. प्रत्येकीला पहिल्यापासून सांगायचा कंटाळा आला, म्हणून लिहून काढते. चौथीपर्यंत शिकले आहे, तेवढं पुरतं.

दिवाळीच्या आधी गवत कापताना विळा निसटला आणि डाव्या अंगठ्याच्या पाठीवर बसला. अंगठा जागेवर राहिला, पण तो वर उचलणारी शीर तुटली. यवतमाळच्या दवाखान्यात ती शिवली. डॉक्टरने सांगितलं, सहा आठवडे अंगठा वरच राहिला पाहिजे. खाली वाकला तर शिवण उसवेल, आणि दुसऱ्यांदा शिवण्याजोगं काही उरणार नाही. मग हातांचे व्यायाम घेणाऱ्या नाझनीन मॅडमने गरम पाण्यात मऊ केलेलं एक पांढरं प्लास्टिकचं पान माझ्या हातावर बसवलं. ते गार होऊन लाकडासारखं कडक झालं. दवाखान्यातले त्याला काही इंग्रजी नाव घेत, मी साचा म्हणायची. त्यात अंगठा असा ताठ उभा राही की समोरच्याला वाटावं, म्हातारी ठेंगा दाखवते.

हा अंगठा मला का हवा ते सांगते. मी रजया शिवते. त्या साली बोंडात गुलाबी अळी पडली होती आणि निम्मा कापूस कवडी निघाला, म्हणजे पिवळा, डागी. व्यापारी त्याला हात लावीना. लोक तो माझ्या ओसरीत आणून टाकू लागले, निदान पांघरायला तरी होईल म्हणून. सारं गाव तोंड पाडून बसलं होतं आणि मला काम आवरत नव्हतं. खोटं कशाला बोलू. सुई उजव्या हातात असते, पण खोळ, कापूस आणि अस्तर चिमटीत धरतो तो डावा अंगठा. तो गेला तर रजई गेली. मग सुनेच्या घरात बसून मी काय करणार, दिवसभर लसूण सोलणार?

तिसऱ्या आठवड्यात साचा घामाने वास मारू लागला. जुन्या खोळी शिवायला घेण्याआधी सोड्याच्या पाण्यात उकळायची आमची पद्धत आहे. त्या दिवशी चुलीवर पातेलं उकळत होतं, सून वर्षा वावरात गेली होती. मी साचा सोडला, हात उशीवर ठेवला, अंगठा वर, आणि साचा दिला खोळींबरोबर पातेल्यात टाकून. मॅडमने सांगितलं होतं की विस्तवाजवळ नेऊ नका, उन्हात ठेवू नका. गरम पाण्याचं ती काही बोलली नव्हती, असं मी पुढे दोन दिवस सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे बोलली होती.

काठीने वर काढला तर साचा काचेसारखा आरपार दिसत होता. मनगटाची गोलाई नाही, अंगठ्याचं घर नाही. ताटात ठेवला तर पापडासारखा सपाट. गार झाल्यावर पुन्हा पांढरा आणि कडक झाला, पण सपाट तो सपाटच. बसवताना मॅडमच्या बोटाचा ठसा एका कडेला उमटला होता, तोही पुसला गेला होता. पेटीतून पहिल्यांदा निघाला तेव्हा जसा होता तसाच्या तसा.

वर्षा आली, तिने ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आत्याबाई, तुमाले हे रांधायले कोनी सांगतलं होतं?"

तिने सराटा घेतला, म्हणजे पोळी उलथायचं उलथणं, आणि माझा हात न् अंगठा त्यावर ठेवून जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी बांधला. मॅडमला फोन लावला, तो लागेना. सकाळच्या गाडीने मी निघाले. सपाट साचा पिशवीत, सराटा हातावर.

यवतमाळ

करंजीपर्यंत उभी होते. नंतर एका बाईने जागा दिली आणि उतरेपर्यंत सराट्याकडे बघत राहिली. कंडक्टर म्हणाला, आजी, सैपाक अर्धा टाकून निघाल्या का. मी म्हटलं, हो, तुझ्यासाठीच परत जायचं आहे.

यवतमाळच्या स्टँडवर कॅमेरावाला एक माणूस भेटला. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात असे फार फिरत. नऊवारी नेसलेली म्हातारी आणि हाताला चिंध्या पाहून तो आनंदलाच. कापसानं तुमचं काय झालं ते सांगा, म्हणाला. मी सांगितलं, कापसानं काही केलं नाही, विळ्यानं केलं. त्याने कॅमेरा बंद केला आणि दुसरी म्हातारी शोधायला गेला. चहासुद्धा विचारला नाही.

दवाखान्यात मॅडम नव्हती. आठवड्यातले काही दिवस ती पुसदच्या दवाखान्यात बसे. एका तरुण डॉक्टरने चिंध्या सोडल्या, सराटा उलटसुलट पाहिला आणि प्रामाणिकपणे म्हणाला की याच्यापेक्षा बरं माझ्याकडे आत्ता काही नाही. नवी पट्टी घेऊन त्याने तोच सराटा परत बांधला. साचा मॅडमच करेल, उद्याच्या उद्या पुसद गाठा, अंगठा वाकू देऊ नका, एवढं बोलून तो पुढच्या माणसाकडे वळला. अंगठा अजून उचलतो का, असं मी विचारलं, तर म्हणाला, उचलून बघू नका.

दिवसभर तेच डोक्यात. खाजवू नका म्हटलं की खाजतं, तसं.

आर्णी

आर्णीला माझी विहीण कौसल्याबाई राहते, वर्षाची आई. आमचं बरं आहे, पण बरं असायला मध्ये चाळीस कोस लागतात. वर्षाने फोन करून ठेवला होता, त्यामुळे मी उंबऱ्यात पाय ठेवायच्या आत तिने सारी गोष्ट मलाच सांगितली, हसत हसत.

जेवण मात्र असं की राग धरता येऊ नये. ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी, वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर, तिळाची चटणी. आमच्या वणी-मारेगावकडे पानात भात मोठा असतो, इकडे भाकर मोठी. भात मागितला तर मला आजारी समजले. डाव्या हाताने ताट धरता येत नव्हतं, म्हणून विहिणीने ते आपल्या मांडीला टेकवून धरलं. आमच्याकडे विहिणीला असं बसवत नाहीत. इथे कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

सकाळी रजईवरून वाजलं. तीही शिवते, पण टाका हात-हात अंतरावर घालते. उठले तेव्हा सगळा कापूस पायाशी गोळा झालेला आणि छातीवर नुसती खोळ. मी बोलले.

"तुमच्या रजईत टाका हाये का नाई, ईनबाई? तुमचा हात पयल्यापासून सैल."

"अन् तुमची रजई घेतली का मानूस खाली अन् रजई वर, अंगाले लागतच नाई. टाक्यावर टाका, टाक्यावर टाका. घडी तरी होते का तिची?"

तिचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. फार दाट टाके घातले की रजई ताठते, घडी घातली तर आपली आपण उघडते, आणि कोणी ओढली की टाक्याजवळच फाटते. पण हे मी तिला कशाला सांगू. मी निघाले तर तीही पातळ बदलून पिशवी घेऊन उभी. तुमाले एकटीले सोडलं तर काहीतरी उकळान, म्हणाली.

दिग्रसच्या पुढे

दिग्रसपर्यंत रस्ता सरळ आहे. दोन्ही बाजूंना कापूस आणि तूर. कापसाची झाडं उभी, बोंडं लागलेली, पण वेचायला कोणी नाही, अशी वावरंच्या वावरं दिसली. काही ठिकाणी उभ्या पिकात गुरं सोडलेली होती. बसमधलं कोणी त्यावर काही बोलत नव्हतं. आमच्याकडेही तेच होतं, त्यात नवं काय बोलायचं.

दिग्रसला तीन बंजारा बाया चढल्या, आपसात गोरबोलीत बोलत. त्यातल्या एकीने सराट्यावर बोट ठेवून विचारलं, आणि विहिणीने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पातेल्याशी आली तेव्हा अर्धी बस ऐकत होती.

पुढे डोंगर लागले. आमच्याकडची जमीन ताटासारखी, इथे रस्ता वर चढतो, वळतो, खाली उतरतो. खिडकीतून बघायला छान. तेवढ्यात समोर बैल आला आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. मी पुढच्या बाकावर आदळले. सराटा सरकला, पट्टीची गाठ सुटली आणि अंगठा खाली पडला. तळहाताकडे, पूर्ण.

दुखलं नाही. तेच मला आवडलं नाही. मनगटाजवळ नुसतं कट्ट वाजल्यासारखं वाटलं, का मलाच वाटलं, सांगता येत नाही. उजव्या हाताने अंगठा वर धरला आणि पुसद येईपर्यंत तसाच धरून बसले. विहिणीने विचारलं, काहून गप झाल्या. मी म्हटलं, डोंगर पाहून राह्यली.

पुसद

पुसद मोठं गाव आहे. बाजार भरलेला, शाळेच्या पोरींचे घोळके, आणि कुठूनही पाहिलं तरी गल्लीच्या टोकाला डोंगर. याच्यापुढे मी पुसद पाहिलं नाही. सरळ दवाखान्यात गेलो.

नाझनीन मॅडम पुसदचीच. चाळिशीची, हातात घड्याळ, बोलण्यात मराठी न् हिंदी मिसळलेलं. मी सपाट साचा टेबलावर ठेवला. मला वाटलं ओरडेल. ती हसली.

"आजी, हा तर माहेरी जाऊन आला."

मग मी डोंगरातली गोष्ट सांगितली. विहिणीला ती तेव्हाच कळली. मॅडमचं हसू गेलं. किती वाकला, कुठे वाटलं, आवाज झाला का, सगळं विचारलं. मी म्हटलं, आत्ता उचलून दाखवते, काय ते कळू दे एकदाचं.

"नाही. शीर शाबूत असेल तर आज जोर लावून तुम्हीच तोडाल. अर्धी तुटली असेल तर पूर्ण तुटेल. साचा बसवते. आत काय आहे ते तीन आठवड्यांनी कळेल."

तीन आठवडे न कळता राहायचं. मला हे पटलं नाही, पण दुसरा इलाज नव्हता. राग कुठेतरी काढायचा म्हणून मी साच्यावर काढला. म्हटलं, मालच खराब, गरम पाण्याने विरघळणारा. तेव्हा मॅडमने विजेवरची पसरट कढई चालू केली, पाणी तापायला ठेवलं आणि पेटीतून बोटभर रुंद तीन पट्ट्या काढल्या. तिन्ही दिसायला सारख्या, पांढऱ्या.

तिने सांगितलं ते असं. या प्लास्टिकच्या आत डोळ्याला न दिसणारे लांब लांब दोरे असतात, एकमेकांत गुंतलेले. गार असताना ते थिजलेल्या तुपासारखे घट्ट असतात, म्हणून पट्टी कडक. तापलं की तूप वितळतं आणि दोरे मोकळे होतात, मग हवा तो आकार द्या. पुन्हा गार केलं की तूप थिजतं आणि तो आकार धरून ठेवतं. इथवर तिन्ही सारख्या. फरक गाठींचा. पहिलीच्या दोऱ्यांना एकमेकांशी गाठी नाहीत, दुसरीला बेताच्या, तिसरीला दाट.

पहिली पट्टी पाण्यातून काढून तिने विहिणीच्या हातात दिली. विहिणीने ओढली तर ती कणकेसारखी लांबतच गेली, मध्ये पातळ झाली, लोंबू लागली. परत पाण्यात टाकली तर तशीच लोळागोळा पडून राहिली. पहिला आकार तिला आठवेना. दोरे एकमेकांवरून घसरून गेले, परत ओढून आणायला कोणी नाही, मॅडम म्हणाली.

दुसरी ओढली तर लांबली, पण हाताला मागे ओढ जाणवत होती. मी ती बोटाला गुंडाळली, गार होऊ दिली, वेटोळं तसंच राहिलं. पाण्यात टाकल्याबरोबर आरपार झाली आणि सावकाश उलगडून पहिल्याएवढी, पहिल्यासारखी सपाट. गाठी दोऱ्यांना धरून असतात, तूप वितळलं की त्या सगळ्यांना जागेवर ओढून आणतात.

तिसरीच्या वेळी विहिणीने आधीसारखाच जोर लावला आणि ती मध्येच फाटली. दाट गाठी ताणू देत नाहीत. उरलेला तुकडा मी दुमडला, गार केला, सोडला, तर पाण्यात टाकायच्या आधीच थोडा आपोआप उघडला. इतक्या गाठी असल्या की तुपाला नीट थिजायला जागा राहत नाही, मॅडम म्हणाली, मग दिलेला आकार नीट धरला जात नाही. पाण्यात टाकला तर मात्र फटकन सरळ झाला. आठवण पक्की, पण ऐकणार नाही कोणाचं.

मी विहिणीकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. पहिली पट्टी तिची रजई आणि तिसरी माझी. दोघींनाही ते एकदमच कळलं.

"हे टाके घालते कोन?" मी विचारलं.

मॅडम म्हणाली, कारखान्यात घालतात, कुठे दवा मिसळून, कुठे किरणं मारून. जेवढा मारा तेवढ्या गाठी. किती घालायच्या हेच तर त्यांचं खरं काम. मी म्हटलं, आमचंही तेच.

साचा कशाचा करायचा यावर थोडं बोलणं झालं. पहिल्या जातीचं नवं पान मॅडमकडे होतं. ते हातावर टाकलं की स्वतःच्या वजनानेच घडीघडीत बसतं आणि लवकर होतं. विहिणीला ते पसंत. मी नको म्हटलं. माझ्या हाताला सूज होती, ती उतरली की साचा सैल होऊन परत करावा लागणार, आणि तापवलं की हे पान पसरून पातळ होणार. माझं जुनं पान दुसऱ्या जातीचं, ते कितीदा तापवलं तरी होतं तेवढं परत येतं, ते मी स्वतः उकळून पाहिलं होतं. मॅडम म्हणाली, आजी बरोबर बोलतात, पण एक अडचण आहे. हे कडक व्हायला जास्त वेळ घेतं आणि गार होता होता आत ओढतं. तेवढा वेळ अंगठा कोणीतरी उचलून धरला पाहिजे, आणि हात कापता कामा नये. तिचे दोन्ही हात साचा दाबण्यात जाणार होते.

खोलीत विहिणीशिवाय कोणी नव्हतं.

तिने पदर खोचला, समोर बसली आणि माझ्या अंगठ्याचं टोक दोन बोटांत धरलं. मॅडमने सराटा काढला. आता अंगठा फक्त त्या दोन बोटांवर होता. गरम पान हातावर आलं, आरपार, ओलं, मनगटाला चिकटून बसलं. मॅडम दाबत होती, वळवत होती. बाहेर कोणीतरी दार वाजवलं, तिने थांबा म्हणून सांगितलं. विहिणीच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला, तो पुसायला तिला हात नव्हता. मला वाटलं काहीतरी बोलावं. मी म्हटलं, ईनबाई, दमल्या असान.

"बोलू नका. हालते."

माझ्याशी असं बोललेली ती पहिलीच. पान कडेने पांढरं होऊ लागलं, मग मध्ये, मग अंगठ्याभोवती. हळूहळू आवळत गेलं, जसं कोणी मूठ मिटावी. मॅडमने टकटक वाजवून पाहिलं आणि म्हणाली, सोडा. विहिणीला बोटं लगेच सोडता येईनात, आखडली होती. मी उजव्या हाताने ती चोळून दिली. परतीच्या बसमध्ये तिने दिग्रसपर्यंत मला सैल टाक्यावरून चार गोष्टी ऐकवल्या, आणि मी ऐकून घेतल्या.

पुन्हा यवतमाळ

तीन आठवडे मी साच्याला हात लावला नाही. वास आला तर आला. वर्षाने चुलीकडे जाऊच दिलं नाही. कवडी कापूस ओसरीत वाढत होता आणि मी त्याच्याकडे बघत बसायची. आत शीर आहे का नाही, दिवसातून शंभरदा मनात येई. उचलून बघायचा मोह झाला, नाही असं नाही. नाही बघितलं.

ठरल्या दिवशी यवतमाळला गेले तर विहीण आधीच बाकावर बसलेली. आर्णीहून जवळच आहे, बाजाराचंही काम होतं, म्हणाली. पिशवी रिकामी होती.

मॅडमने साचा काढला. आतून अंगठा निघाला तो पांढरा, सुरकुतलेला, माझा वाटेना. तिने हात टेबलावर आडवा ठेवला, मनगट धरलं.

"आता उचला, आजी. जोर नको."

मी उचलायला गेले. काही झालं नाही. अंगठा तसाच पडून. मी त्याच्याकडे बघत होते, तो काही माझ्याकडे बघत नव्हता. विहिणीने तोंड खिडकीकडे केलं. मॅडम म्हणाली, घाई नाही, पुन्हा. मी पुन्हा मन लावलं. मनगटावरच्या चामडीखाली एक दोरा ताठ झाला, मला दिसला. मग अंगठ्याचं टोक टेबलापासून सुटलं. ज्वारीच्या दाण्याएवढं. मग आणखी थोडं. थरथरला आणि खाली आला.

"हालला," मी म्हटलं.

"मी पाहिलं," मॅडम म्हणाली. "आहे शीर. दहा वेळा उचलायचा, दिवसातून तीनदा. सुई महिनाभर नाही."

विहीण वळली. डोळे पुसत होती का काय कोण जाणे, मी पाहिलं नाही. म्हणाली, मले दिसलंच नाई, पुन्हा दाखवा.

"मंग तिकडं काहून पाहून राह्यल्या होत्या? इकडं पाहा अन् मोजा," मी म्हटलं, आणि दुसऱ्यांदा उचलला.